कपाळाला हात लावलेला माणूस काढू नका: गोरेतर पुरुषांच्या मनआरोग्यावर पहिलं डिझाइन करणाऱ्यांसाठी

लंडन, लेस्टर, न्यू जर्सी, टोरांटो अशा ठिकाणी डिझाइन शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींच्या हाती हा विषय कधी ना कधी येतोच. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. नोव्हेंबरभर मिशा वाढवण्याची ‘मोव्हेंबर’ मोहीम चालते, जी २००३ मध्ये मेलबर्नला सुरू झाली. १९ नोव्हेंबरला पुरुष दिन. त्यामुळे सप्टेंबरपासूनच कॉलेजात किंवा एखाद्या छोट्या संस्थेकडून ब्रीफ येतं: कृष्णवर्णीय आणि आशियाई पुरुषांमध्ये मानसिक आरोग्याबद्दल जागृती करा, पोस्टर आणि सोशल मीडियासाठी चार चित्रं, तीन आठवडे.

पहिलं स्केच कसं निघतं ते बघायचीही गरज नाही. निळसर अंधारात बसलेला सावळा पुरुष, कपाळाला हात, डोक्यावर विस्कटलेल्या रेषांचा गुंता आणि खाली ‘बोलायला लाजू नका’. वर्गात कौतुक होतं, भिंतीवर लागतं, आणि ज्याच्यासाठी केलं तो त्याच्यासमोरून चहाचा कप घेऊन निघून जातो.

कारण त्या पोस्टरमध्ये त्याला नवीन काहीच नाही. आपण त्रासात आहोत हे त्याला ठाऊक असतं. कुणाशी बोलायचं, बोलल्यावर काय होईल, नोकरी-व्हिसा-मुलं यांचं काय होईल आणि ऐकणारा आपल्याला वेडा किंवा धोकादायक तर ठरवणार नाही ना, हे त्याला ठाऊक नसतं. डिझाइनने या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. खाली जे क्रमाने लिहिलं आहे त्यात चित्र बरंच उशिरा येतं, ते मुद्दामच.

१. पुरुष नेमके कोण, ते ठरवा

‘गोरेतर पुरुष’ हा गट निधीच्या अर्जात चालतो, पोस्टरला चालत नाही. इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीय लोकांना मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने रुग्णालयात ठेवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे साडेतीन ते चार पट आहे. म्हणजे आरोग्ययंत्रणा त्यांच्यापर्यंत पोचते, पण बऱ्याचदा उशिरा आणि बळजबरीने. दक्षिण आशियाई पुरुषांची अडचण वेगळी. ते उपचारांपर्यंत मुळात कमी पोचतात, आणि पोचले तरी पाठदुखी, ॲसिडिटी, झोप नाही अशा तक्रारी घेऊन साध्या डॉक्टरकडे जातात. पहिल्या गटाला यंत्रणेची भीती आहे, दुसऱ्याला घरच्यांची आणि समाजाची. दोघांना एकच ओळ लिहिलीत तर ती दोघांनाही लागू पडणार नाही.

म्हणून एकच गट निवडा, आणि तो इतका अरुंद असू द्या की त्यातला एखादा माणूस तुम्ही उद्या भेटू शकाल. लंडनच्या ब्रिक्स्टनमधले कॅरिबियन वंशाचे पन्नाशीतले बसचालक. साउथॉलमधले पंजाबी बांधकाम मजूर. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा जर्सी सिटीतले एच-१बी या अमेरिकन नोकरी-व्हिसावरचे मराठी आणि तेलुगू आयटीवाले. हा शेवटचा गट आपल्या ओळखीचा, म्हणून सोपा वाटेल. तसा तो नाही. या व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. त्या दोन महिन्यांत घराचा हप्ता, मुलाची शाळा आणि गावाकडे रोजचा व्हिडिओ कॉल, ज्यात ‘सगळं मस्त चाललंय’ म्हणायचं असतं. अशा माणसाला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ सांगणारं पोस्टर म्हणजे चेष्टाच. त्याला हवं असतं ते म्हणजे समुपदेशकाकडे गेलो तर ते कंपनीला कळतं का, विम्यात बसतं का आणि इमिग्रेशनच्या कागदांवर येतं का. ही उत्तरं तुम्ही अंदाजाने लिहू नका. वकील आणि समुपदेशक यांच्याकडून लेखी घ्या.

आकडे वापरायचेच असतील तर एखादाच वापरा. इंग्लंड आणि वेल्समध्ये आत्महत्या करणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश पुरुष असतात. अमेरिकेत जवळपास ८० टक्के. हे आकडे निधी देणाऱ्याला पटवायला उत्तम आहेत. पण रात्री दोन वाजता जाग्या असलेल्या माणसाला ‘तुझ्यासारखे पुष्कळ जण मरतात’ हे सांगून काय साधणार? माझं मत विचाराल तर पोस्टरवर मृत्यूचा आकडा नकोच.

२. इतिहास वाचा, विशेषतः आपल्या धंद्याचा

‘कृष्णवर्णीय पुरुष मदत घेत नाहीत, त्यांच्यात लाज फार’ असं वाक्य ब्रीफमध्ये हमखास असतं. ते तसंच गिळू नका. लाज आहेच, पण अविश्वासही आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे.

१८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या अमेरिकन डॉक्टरने गुलामीतून पळून जाण्याच्या इच्छेला ‘ड्रेपेटोमेनिया’ नावाचा मनोविकार ठरवलं. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्यसेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास चालवला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, त्यांना ते सांगितलं नाही आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. लंडनमध्ये २०१० मध्ये २३ वर्षांचा ओलासेनी लुईस स्वतःच्या पायाने मानसोपचार रुग्णालयात गेला. पोलिसांनी तिथे त्याला दाबून धरलं आणि त्यातून त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आईवडिलांनी आठ वर्षं लढा दिल्यावर २०१८ मध्ये मनोरुग्णालयांतल्या बळाच्या वापरावर कायदा आला. तो ‘सेनीचा कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. दक्षिण लंडनमधल्या कृष्णवर्णीय घरांत ही नावं लोकांना माहीत असतात. तुमच्या पोस्टरवर रुग्णालयाचं बोधचिन्ह ठसठशीत असेल तर तिथे ते दिलासा देईलच असं नाही.

यात आपला, म्हणजे डिझाइनवाल्यांचा वाटा कमी नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित मानसोपचार नियतकालिकात हॅलडॉल या औषधाची जाहिरात आली. शहरातल्या रस्त्यावर उभा असलेला, मूठ आवळलेला, संतापलेला कृष्णवर्णीय पुरुष. मागे नारिंगी भडका. वर आक्रमक आणि भांडखोर रुग्णाबद्दलचा प्रश्न, आणि त्यावर उत्तर म्हणून हे औषध. तो नागरी हक्कांच्या आणि ब्लॅक पॉवरच्या चळवळीनंतरचा काळ होता. आवळलेली मूठ हे राजकीय मागणीचं चिन्ह आहे हे चित्रकाराला नक्कीच कळत होतं, आणि त्याने ते आजाराचं लक्षण म्हणून वापरलं. रचना म्हणून ती जाहिरात वाईट नाही. नजर खेचून घेते. म्हणूनच ती शोधून बघा आणि तुमच्या स्केचशेजारी ठेवा. तुमच्या चित्रातल्या पुरुषाची मूठ, ओरडणारं तोंड, लाल-नारिंगी पार्श्वभूमी, फुटलेली काच यांपैकी काही त्या जाहिरातीशी जुळत असेल तर ते काढून टाका.

उलट बाजूचं उदाहरणही बघा. १ फेब्रुवारी १९६८ ला मेम्फिसमध्ये एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे १,३०० कृष्णवर्णीय कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातल्या फलकांवर चारच शब्द होते: ‘आय ॲम अ मॅन’, मी माणूस आहे. जाड ठशाची अक्षरं, ‘ॲम’खाली रेघ, बाकी पांढरा कागद. चित्र नाही, रंग नाही. पुरुषाची प्रतिष्ठा आणि त्याचं दुःख एकाच ओळीत कसं मावतं हे शिकायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. वॉशिंग्टन भागातल्या ट्रे सील्स या कृष्णवर्णीय अक्षररचनाकाराने त्या फलकांवरून ‘मार्टिन’ नावाचा फाँट केला. ‘व्होकल टाइप’ या त्याच्या फाउंड्रीत, म्हणजे फाँट बनवणाऱ्या कंपनीत, तो मिळतो. वापरायचा असेल तर परवाना विकत घ्या आणि तो कुठून आला हे संस्थेला सांगा. नुसता ‘रेट्रो दिसतो’ म्हणून मात्र घेऊ नका.

३. दार उघडतं का ते तपासा

हा टप्पा विद्यार्थी हमखास टाळतात, कारण यात काढण्यासारखं काही नसतं. माझ्या मते कामाचा निम्मा भाग हाच.

पोस्टरच्या तळाशी जो नंबर जाणार, त्याच्या मागे कोण बसलंय? अमेरिकेत १६ जुलै २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी नंबर आहे. कॅनडातही नोव्हेंबर २०२३ पासून तोच. ब्रिटनमध्ये समॅरिटन्स या हेल्पलाइनचा ११६ १२३ दिवसरात्र आणि मोफत चालतो. बोलायचं नसेल तर ८५२५८ वर ‘शाउट’ (SHOUT) असा मेसेज पाठवता येतो. इंग्लंडमध्ये १११ लावून दुसरा पर्याय निवडला की मानसिक आरोग्याच्या माणसाशी जोडून देतात. भारतात टेलि-मानसचा १४४१६, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. नंबर पाठ असणं पुरेसं नाही. संस्थेच्या कार्यालयाला (हेल्पलाइनला नव्हे, ती गरजूंसाठी मोकळी राहू द्या) फोन किंवा ईमेल करून विचारा: फोन उचलायला साधारण किती वेळ लागतो? पंजाबी, हिंदी, सोमाली, मराठी बोलणारं कुणी आहे का? पोलीस कधी पाठवले जातात? नाव सांगावं लागतं का? पुढे समुपदेशन मिळायला किती आठवडे लागतात आणि पैसे किती?

पोलिसांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अनेक कृष्णवर्णीय पुरुष हेल्पलाइन लावत नाहीत ते याच भीतीने. उत्तर काहीही असो, ते पोस्टरवर किंवा निदान क्यूआर कोड उघडल्यावर पहिल्याच पडद्यावर असलं पाहिजे. ‘आम्ही अमुक परिस्थितीतच बाहेरची मदत बोलावतो, आणि आधी तुम्हाला सांगतो’ असं संस्था लेखी देत असेल तर तीच तुमची मथळ्याची ओळ समजा.

शक्य असेल तिथे मोठ्या नंबरासोबत समाजातलीच संस्था द्या. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये सुरू झालेली ‘ब्लॅक माइंड्स मॅटर’ ही संस्था कृष्णवर्णीय लोकांना कृष्णवर्णीय समुपदेशकांशी मोफत जोडून देते. पंजाबी समाजासाठी शुरणजीत सिंग यांनी २०१७ मध्ये ‘तरक्की’ सुरू केली. अशा संस्थांना पोस्टर लावण्याआधी जरूर विचारा, कारण त्यांच्याकडे माणसं कमी असतात. तुमच्या मोहिमेमुळे अचानक रांग लागली आणि तीन महिन्यांची वाट बघावी लागली, तर हिंमत करून फोन केलेला माणूस पुन्हा करणार नाही.

४. जागा ठरवा, मग आकार

लॉस एंजेलिसमध्ये झालेला एक प्रयोग या कामात सारखा आठवावा असा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५२ बार्बर शॉप आणि ३१९ कृष्णवर्णीय पुरुष होते, सगळ्यांना उच्च रक्तदाब. अर्ध्या दुकानांत बार्बरने गिऱ्हाइकाला सल्ला दिला: खाणंपिणं सांभाळा, डॉक्टरकडे जा. उरलेल्या दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन बसले आणि तिथेच तपासून औषध सुरू केलं. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला होता, दुसऱ्याचा २७ अंकांनी. विषय मनाचा नव्हता हे खरं, तरी जागृती आणि प्रत्यक्ष सोय यांतलं अंतर इतकं स्वच्छ क्वचितच मोजलं गेलंय.

मनाच्या बाबतीत बार्बर शॉपचा हाच धागा लॉरेन्झो लुईस यांनी धरला. आर्कान्सामधल्या लिटल रॉक इथे २०१६ मध्ये त्यांनी ‘द कन्फेस प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यात बार्बरांना ऐकायला, लक्षणं ओळखायला आणि पुढे कुठे पाठवायचं हे सांगायला शिकवतात. अशा दुकानासाठी डिझाइन करायचं असेल तर खुर्चीत बसून बघा. आरशावर स्टिकर लावला तर गिऱ्हाईक तो वाचताना बाकी सगळ्यांना दिसतं. दहाव्या कटिंगला सूट देणाऱ्या कार्डाच्या मागे तोच नंबर छापला तर ते कार्ड निमूट खिशात जातं, आणि ते का घेतलं हे कुणी विचारत नाही. बार्बरसाठीही एक वेगळं कार्ड हवं: गिऱ्हाईक असं काही बोललं तर पुढे काय विचारायचं, काय म्हणायचं नाही आणि कधी कुणाला फोन करायचा. ते त्याच्या खणात राहील. माझ्या मते भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा या खणातल्या कार्डावर जास्त वेळ घालवावा.

स्वच्छतागृहाच्या दाराची आतली बाजू ही दुसरी उत्तम जागा: माणूस एकटा, दार बंद, वाचायला वेळ. तिथे छोटी अक्षरं चालतात आणि फाडून नेण्याच्या चिठ्ठ्याही. बसथांब्यावर तीन सेकंद मिळतात, तिथे पाच-सहा शब्द आणि नंबर, बास.

आपल्या मंडळींसाठीही जागा आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचं, आणि गणपतीत तिथे येणाऱ्या पुरुषांत डॉक्टरकडे कधी न जाणारेही असतातच. पण सभागृहाच्या दारात ‘मानसिक आरोग्य’ असा स्टॉल मांडलात तर तिथे बायका आणि निवृत्त काका थांबतील. ज्याच्यासाठी मांडलाय तो जेवणाच्या रांगेत जाईल, कारण स्टॉलपाशी थांबलेला दिसला की संध्याकाळपर्यंत वहिनींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा. त्यापेक्षा क्रिकेटच्या टीमचा ग्रुप, ढोलपथकाचा सराव, कारपूल या जागा बघा. तिथे पोस्टर नको, पुढे पाठवता येईल असं एक साधं चित्र पुरे, ज्यावर बघताक्षणी ‘मानसिक’ हा शब्द दिसत नाही.

५. मजकूर लिहा

पुरुषांमध्ये नैराश्य नेहमी रडवेलं नसतं. चिडचिड, छोट्या गोष्टीवर भडकणं, दारू वाढणं, गाडी बेफाम चालवणं, कामात नको इतकं बुडणं, छातीत धडधड, पाठ धरणं, तीन वाजता जाग येणं, अशी ती लक्षणं असतात. मथळा यातून काढा. ‘तीन वाजता जाग येते? रोज?’ हे वाचून माणूस थांबतो. ‘नैराश्याची लक्षणं ओळखा’ वाचून थांबत नाही. शब्द तुमच्या कल्पनेतले नकोत. त्या गटातल्या दोघाचौघांशी बोला आणि ते जसं सांगतात तसं उतरवा, त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या इंग्रजीत.

‘खरा मर्द रडतो’ छापाच्या ओळी मला आवडत नाहीत. त्या मर्दानगीची परीक्षा घेणं सोडत नाहीत, फक्त प्रश्नपत्रिका बदलतात. ‘बोला’ ही आज्ञाही टाळा. त्याऐवजी पुढची पायरी लहान करा: ‘नाव सांगावं लागत नाही’, ‘पाच मिनिटं बोलून ठेवून दिलं तरी चालतं’, ‘मेसेज पाठवा, आवाज नको’. आणि मित्रासाठी वेगळी ओळ लिहा. पुष्कळ पुरुष स्वतःसाठी नंबर घेणार नाहीत, पण ‘एका मित्राला द्यायचाय’ म्हणून नक्की घेतील.

आत्महत्येचा उल्लेख येत असेल तर इथे डिझाइनरच्या हौसेला लगाम हवा. पद्धत, जागा, दोर, गोळ्या, पूल, छत, रूळ यांपैकी काहीही दाखवायचं नाही आणि लिहायचं नाही. ही भाबडी सावधगिरी नव्हे. व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेत आत्महत्या वाढत गेल्या होत्या; १९८७ मध्ये वर्तमानपत्रांना बातमीदारीची मार्गदर्शक तत्त्वं दिली गेली, भडक बातम्या थांबल्या आणि तिथलं प्रमाण झपाट्याने खाली आलं. उलटही घडतं. संकटातून माणूस कसा सावरला हे सांगणारं लेखन वाचकाला आधार देतं, असं ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलं. मोझार्टच्या ऑपेरातल्या पात्रावरून त्याला ‘पापागेनो परिणाम’ म्हणतात. म्हणजे गोष्ट सांगायचीच असेल तर सावरलेल्या माणसाची, आणि तो नेमकं काय करून सावरला त्याची.

या कसोटीवर दोन प्रसिद्ध ब्रिटिश मोहिमा तपासून बघा, दोन्ही ‘काम’ (CALM) या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या. २०१८ मध्ये लंडनच्या साउथ बँकवरच्या एका उंच इमारतीच्या छताच्या कडेवर मार्क जेन्किन्स या कलाकाराने ८४ पुरुषांचे पुतळे उभे केले. ब्रिटनमध्ये दर आठवड्याला तितके पुरुष आत्महत्या करत होते. देशभर चर्चा झाली, पण नवशिक्याने तो रस्ता धरू नये असं मला ठाम वाटतं. छताच्या कडेवरचा माणूस ही प्रतिमा सांभाळायला पाठीशी मोठी यंत्रणा लागते, आणि तुमच्या पाठीशी ती नसेल. २०२२ च्या ‘द लास्ट फोटो’ प्रदर्शनातून शिकण्यासारखं जास्त आहे: हसऱ्या माणसांची मोठमोठी ५० छायाचित्रं, ती त्यांच्या अखेरच्या दिवसांतली होती हे नंतर कळतं. कपाळावरचा हात किती खोटा असतो, हे त्यातून उमगतं.

६. आता चित्र, रंग आणि छपाई

डोकं धरून बसलेल्या माणसाच्या स्टॉक फोटोंविरुद्ध ब्रिटनमधल्या ‘टाइम टु चेंज’ या मानसिक आरोग्याच्या उपक्रमाने स्वतंत्र मोहीमच चालवली होती आणि माध्यमांना वापरायला दुसरे फोटो मोफत दिले होते. तरीही ते फोटो मरत नाहीत. तुम्ही माणूस दाखवणार असाल तर त्याला काहीतरी करताना दाखवा: केस कापून घेताना, गाडी पुसताना, मुलीच्या वेण्या घालताना, कट्ट्यावर दोघे बाजूबाजूला बसलेले. पुरुष समोरासमोर कमी बोलतात, खांद्याला खांदा लावून जास्त. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवलेलं समुपदेशनाचं नेहमीचं चित्र त्यामुळेच चौकशीच्या खोलीसारखं दिसतं.

गटातल्याच छायाचित्रकाराला काम द्या, पैसे देऊन. स्टॉक फोटो वापरताना परवाना नीट वाचा. मॉडेलला मनोरुग्ण म्हणून दाखवण्यावर बऱ्याच साइट्सची अट असते.

सावळी आणि काळी त्वचा छापणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि कॉलेजात ते क्वचितच शिकवतात. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकची ‘शर्ली कार्डं’ प्रयोगशाळांत रंग जुळवायला वापरत. त्यावर गोरी बाई असायची, आणि तिची त्वचा नीट आली म्हणजे छपाई नीट. तपकिरी छटा सुधारल्या त्या चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिरातदारांनी तक्रारी केल्यावर. माणसांनी केल्या होत्या की नाही कुणास ठाऊक. आज फिल्म गेली, सवय मात्र राहिली आहे. चार रंगांच्या छपाईत सावल्यांमध्ये काळी शाई साचते आणि चेहऱ्याचा तपशील बुजतो. साध्या, बिनचकाकीच्या कागदावर ठिपके पसरून तो आणखी बुजतो. मिडटोन, म्हणजे ना गडद ना फिक्या अशा मधल्या छटा, पडद्यावर वाटतील त्यापेक्षा थोडे उजळ ठेवा, त्वचेतला उबदारपणा किरमिजी आणि पिवळ्यातून येऊ द्या, सगळ्या शायांची बेरीज छापखान्याने दिलेल्या मर्यादेत बसवा, आणि ज्या कागदावर छापणार त्याच कागदावरचं प्रूफ बघितल्याशिवाय होकार देऊ नका. निळा थर तर काळ्या त्वचेवर टाकूच नका. ती राखाडी होते आणि जिवंत माणूस प्रेतासारखा दिसतो. उदासी दाखवण्याच्या नादात आपण हेच करतो.

रेखाचित्र करत असाल तर त्वचेच्या छटा सॉफ्टवेअरच्या तयार पट्टीतून घेऊ नका. समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी २०२२ पासून खुली आहे, ती बरी. अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक लहान मजकुरासाठी निदान ४.५ ला १ ठेवा. मराठी मजकूर असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा मोफत फाँट लहान आकारातही चांगला वाचता येतो.

७. दाखवा, पण ‘आवडलं का’ विचारू नका

गटातल्या पाच-सहा जणांना कच्ची छपाई द्या. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. कॉफीचं कूपन म्हणजे मोबदला नव्हे. पाच सेकंद दाखवून पालथं ठेवा आणि विचारा: काय लक्षात राहिलं? हे कुणासाठी आहे? वाचून तू पुढे काय करशील, आणि काय होईल असं तुला वाटतं? हे कुठे लावलं तर तू तिथे उभा राहणार नाहीस? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं सोन्यासारखी असतात. ‘चांगलं आहे’ म्हणणाऱ्याला आदबीने पुढे छेडा. आपले लोक पाहुण्या मुलीचं मन मोडत नाहीत.

अशा बैठकीला प्रशिक्षित माणूस जवळ असू द्या, कारण कुणीतरी अचानक स्वतःचं बोलायला लागतो. तेव्हा तुम्ही डिझाइनर आहात हे विसरू नका. ऐका, त्याला एकटं सोडू नका, आणि त्या प्रशिक्षित माणसाशी जोडून द्या. घरी आल्यावर तुम्हालाही जड वाटलं तर तुमच्या पोस्टरवरचा नंबर तुमच्यासाठीही आहे.

८. लावल्यानंतर

लाइक मोजू नका. प्रत्येक जागेसाठी वेगळा क्यूआर कोड किंवा वेगळा छोटा पत्ता करा, म्हणजे बार्बर शॉपमधून किती आले आणि बसथांब्यावरून किती, ते कळेल. पण कोड उघडल्यावर नाव, ईमेल, फॉर्म काहीही मागू नका, आणि पाळत ठेवणारी साधनं लावू नका. ज्याला व्हिसाची धास्ती आहे तो तिथूनच परत फिरतो. चिठ्ठ्या किती फाडल्या गेल्या, कार्डं किती उरली, बार्बरला किती जणांनी विचारलं, ही मोजमापं साधी आणि खरी.

महाराष्ट्रात हेच काम करायचं झालं तर लंडनचं पोस्टर मराठी करून लातूरला लावू नका. २०२२ च्या सरकारी नोंदींनुसार देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यात सुमारे ७२ टक्के पुरुष होते आणि सर्वांत जास्त, २२,७४६, महाराष्ट्रातल्या. इथे यंत्रणेची भीती पोलिसांपेक्षा तालुक्याला डॉक्टर नसण्याची आणि सावकाराची जास्त. पहिल्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागेल. पारावरचं सलून मात्र तिथेही आहे.

शेवटी एक बारीक काम, जे कुणीच करत नाही. नंबर बदलतात, संस्था बंद पडतात, वेळा बदलतात, आणि पोस्टर मात्र वर्षानुवर्षं भिंतीवर राहतं. तळाच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत ‘नंबर तपासला’ असं लिहून महिना आणि वर्ष छापा, सहा महिन्यांनी नंबर पुन्हा तपासा, आणि जुनी पोस्टरं काढायला कोण जाणार त्याचं नाव पहिल्याच बैठकीत लिहून घ्या.